खळीखालची नावं

सोलापुरात विजापूर वेशीत रहिमतुल्ला बाइंडरचं दुकान कुणालाही विचारा, बोट करून दाखवतील. तिथे आता त्यांची नात आयेशा बसते. कॉलेजचे प्रबंध, वकिलांच्या फायली, फाटलेली कुराणं, सगळं तिच्या हाताखालून जातं. रहिमतुल्ला शहाऐंशीचे झाले. ते कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून नातीच्या चुका काढतात, आणि त्या कामातून त्यांनी अजून निवृत्ती घेतलेली नाही.

सगळ्यात वरच्या फळीवर हिरव्या कापडात एक पुस्तक आहे. ज्यू लोकांचं हिब्रू प्रार्थनेचं, पावणेतीनशे वर्षांपूर्वी ॲमस्टरडॅमला छापलेलं. अडुसष्ट साली रेल्वेचे एक गार्डसाहेब 'बांधून ठेवा भाई' म्हणून घाईघाईने देऊन गेले. महिन्याभराने रहिमतुल्ला क्वार्टरवर गेले तर दाराला कुलूप. बिऱ्हाड इस्रायलला गेलं, एवढंच शेजाऱ्यांनी सांगितलं. नाव विचारायचं राहूनच गेलं होतं, कारण सारी पेठ त्यांना गार्डसाहेबच म्हणायची.

"अमानत हाय," म्हातारबाबा गेली दोन वर्षं रोज म्हणत होते. "ती पोचल्याबिगर मला जायचं न्हाय."

आयेशाने मनावर घेतलं होतं. रेल्वेच्या कचेरीत सात हेलपाटे झाले, जुनी रजिस्टरं कुणाला सापडेनात. ती हटली नाही. तिचा भाऊ सोहेब टॉवेलच्या कारखान्यात कामाला. त्याने मात्र दुसरंच केलं. पुस्तकाचे फोटो कुणाला तरी पाठवले आणि एका दुपारी पुण्याहून सयाजीराव नावाचे जुन्या पुस्तकांचे व्यापारी दुकानात हजर झाले.

सयाजीरावांनी पुस्तक उजवीकडून उघडलं, पानं हलक्या हाताने चाळली आणि एक कागद पुढे केला. "आजोबांनी विकत घेतलं होतं, एवढं लिहून सही द्या. बाकी मी बघतो."

"पण घेतलं नव्हतं," आयेशा म्हणाली.

"नाव आहे का कुठे मालकाचं? कोकणातल्या ज्यू घराण्यांत पहिल्या कोऱ्या पानावर जन्ममृत्यू लिहून ठेवायची रीत. इथे बघा, स्वच्छ. म्हणजे ज्याच्या घरात त्याचं."

सोहेब म्हणाला, "सही करून टाक की. इतकी वर्षं कोण आलंय?"

आयेशाचं लक्ष 'स्वच्छ' या शब्दापाशीच अडकलं. तिने ते पहिलं पान चिमटीत धरलं. जाड होतं, इतर पानांच्या दुप्पट. या दुकानाचा नियम तिला पाठ होता. दुरुस्तीला आलेल्या पाक किताबावर कुणी शाईने काही खरडलेलं असलं, की आजोबा त्यावर कोरा कागद चिकटवून द्यायचे. गिऱ्हाईकाला विचारायचेसुद्धा नाहीत.

"दादा, हितं काय लिव्हलं होतं का?" तिने आजोबांना विचारलं.

"व्हय. मराठीत कायतरी होतं, मला कुटं वाचता येतंय," रहिमतुल्ला शांतपणे म्हणाले. त्यांची सगळी शाळा उर्दूतली. "खुदाच्या किताबावर शाई चालवत्यात व्हय? मी झाकलं."

आयेशा उठली आणि वाटीत कोमट पाणी घेऊन आली. सयाजीराव म्हणाले, पान गेलं तर किंमत गेली. ती म्हणाली, नाव मिळत असलं तर जाऊ दे. मनातून ती घाबरली होती, पण हात थांबला नाही. आजोबांची खळ मैद्याची होती, पाण्याने सुटणारी, हीच मेहेरबानी. आजकालचा रासायनिक डिंक असता तर सगळंच बुडालं असतं. कापसाचा ओला बोळा फिरवत तिने अर्ध्या तासात तो कागद उचलला. सर्वांत जुनी शाई थोडी पसरली, तेवढंच.

खाली दोन स्तंभ भरून नावं होती. वरची मोडीत, खालची बाळबोध. शेवटून दुसरी ओळ: रिबेका हनोख नवगावकर, जन्म सोलापूर, १९६१. शेवटची ओळ तिने मोठ्याने वाचली. "आम्ही इस्रायलला निघालो. हे पुस्तक रहिमतुल्लाभाई बाइंडर यांच्याकडे ठेवले. आमच्यापैकी कोणी मागितले तर द्यावे, नाही तर ते त्यांचेच."

सयाजीराव खूश झाले. "घ्या, मालकी सिद्ध. कोणी मागितलं नाही ना?"

रहिमतुल्लांनी पुस्तक आपल्याकडे ओढलं. "मागायची वाट कशाला बघायची? पोचवायची मलाच होती. नाव तर मीच झाकून बसलो."

"रिबेकाबाई गार्डसाहेबांच्या लेक असणार, साठी-पासष्टीच्या असतील," आयेशा म्हणाली. "आता नाव हाय आपल्याकडं. शोधते मी. सोहेब, साहेबांना स्टँडवर सोडून ये."

सोहेबने आजोबांकडे पाहिलं आणि मुकाट गाडीची किल्ली उचलली.

ते गेल्यावर रहिमतुल्लांनी पान वाळू दिलं आणि मग आयेशाकडे पेन मागितलं. ती चक्रावली. "दादा, पाक किताबावर?"

ते पानावर वाकले. शेवटच्या ओळीखाली त्यांनी उर्दूत सावकाश लिहिलं: ही नावं मी झाकली. माफ करा. किताब तुमची आहे, घेऊन जा. रहिमतुल्ला.

"आता खाली मराठीत तूबी लिव्ह," ते म्हणाले. "त्यांना वाचता यायला पायजे."