चादरीवरून तीन मजले

अनुजाला जखमी व्हायचं होतं, आणि तेही सगळ्यांत भारी जखमी! सहा देशांत एकाच रविवारी आपत्तीची रंगीत तालीम, आणि मुंबईतून निवड कुणाची, तर लालबागच्या त्यांच्या चाळीची! परदेशी पाहुणे खाली चौकात घड्याळांवर नजर रोखून उभे होते. नववीतल्या अनुजाने तिसऱ्या मजल्यावर, कुशाबाकाकांच्या दाराशी, अंग टाकून दिलं.

"मेलीस का गं?" शेजारच्या वैभवने डिवचलं.

"बेशुद्ध आहे. बेशुद्ध माणसं उत्तर देत नाहीत, गप!"

भोंगा झाला. नागरी संरक्षण दलाच्या सीमाताई म्हणाल्या, "समजा, स्ट्रेचर नाही, मदतीला कुणी नाही. एक माणूस, एक चादर. कोण देतंय?"

कुशाबाकाकांनी खाटेवरची सोलापुरी चादर काढून दिली.

ताईंनी अनुजाला तिच्यात गुंडाळलं, डोक्याकडची टोकं मुठीत धरली आणि एकेक पायरी उतरवत तिला एकटीनेच चौकात आणलं. दोन मिनिटं दहा सेकंद! टाळ्याच टाळ्या. अनुजाने उठून नटीसारखं वाकून घेतलं.

मागोमाग काका उतरले होते.

"वजन किती गो तुझा?"

"एकेचाळीस," ती ऐटीत म्हणाली. "का हो?"

"मालनचा तेवढापण नव्हता."

टाळ्या विरल्या. दोन वर्षांपूर्वी भरदुपारी, माणसं कामावर असताना, काकांच्या शेजारच्या बंद खोलीला आग लागली होती. जिना मोकळा होता, पण लकव्याने खाटेला खिळलेल्या मालनकाकूंना एकट्याने हलवायचं कसं? काका त्यांच्या तोंडावर ओला टॉवेल धरून बंबाची वाट बघत बसले. काका वाचले. काकू धुराने गेल्या.

तेव्हापासून अख्खी चाळ त्यांना सांगत आली, "एकट्याच्याने होण्यासारखं नव्हतंच, काका." अनुजानेही चहा नेऊन देताना कितीदा सांगितलं होतं. त्या एका वाक्यावर काका जेवत होते, झोपत होते. आणि आज तेच वाक्य तिने, एकेचाळीस किलोंच्या पोरीने, त्यांच्याकडून हिसकावून घेतलं होतं. वर वाकून टाळ्याही घेतल्या होत्या.

काकांनी चादर उचलून झटकली. "बाई, माका शिकवा."

"काका, तालीम संपली," सीमाताई हळूच म्हणाल्या. पाहुणे निघालेही होते.

अनुजा तीन मजले चढली आणि काकांच्या खाटेशेजारी आडवी झाली. काकांनी चादर गुंडाळली, मागोमाग वर आलेल्या ताई दाखवतील तशी टोकं धरली. पकड सुटू दिली नाही. पायरी उतरायची, थांबायचं, तिच्या तोंडाकडे बघायचं. पुन्हा पायरी.

दुसऱ्या मजल्यावर ते वाकले.

"धूर लागत नाय ना गो?"

बेशुद्ध माणसं उत्तर देत नाहीत. अनुजाने डोळे घट्ट मिटले.

"नाही," ती म्हणाली. "अजिबात नाही."