पाठ नसलेला कट्टा

गारगोटी रोडच्या नव्या घरामागं बाग करायची होती. फरशीची वाट ठरली, कारंज्याची जागाही ठरली, पण बसायच्या कट्ट्यापाशी अमरसिंहचं घोडं पेंड खात होतं. चुन्याच्या फक्कीची रेघ मारायची, लांब जाऊन बघायची आणि चरफडत पायानं पुसून टाकायची, हेच सकाळपासून चाललं होतं.

"मालक, बसल्यावर तोंड कुणीकडं करणार तेवढं सांगा की," गवंडी वैतागला.

तारेच्या कुंपणापलीकडं थोरल्या भावाचं, बाळासोचं घर होतं. वाटण्या झाल्यापासून दोघांचं बोलणं बंद. तिकडं पाठ करून बसावं तर मान आपसूक मागं वळायची, आणि तोंड करावं तर समोर त्याचंच दार.

"कुंपणावरच बांध!" अमरसिंह शेवटी खेकसला. "तेवढी तार काढ. पाठ नको कट्ट्याला, दोन्हीकडनं बसता आलं पाहिजे."

गवंड्यानं कट्ट्याच्या उंचीसाठी गुडघ्याच्या खाली दोरी ताणली. तेवढ्यात पलीकडच्या दारातनं खणखणीत आवाज आला,

"आमऱ्या, वीतभर उंच घे की! माझं गुडघं वाकत न्हाईत आता."