भरलेला कॅन

सिस्टर निकिताने डोंगरसिंगचे सुजलेले पाय पाहिले. नडगीवर बोट दाबलं तर खड्डा पडला आणि तसाच राहिला.

असं व्हायला नको होतं. हृदय थकलं की पाणी अंगात साचतं, मग फुप्फुसात चढतं. म्हणून पोटात किती गेलं आणि बाहेर किती पडलं याचा हिशेब ठेवायचा. पूर्वी या वॉर्डात तो अंदाजपंचे चाले. ‘दोनदा झाली, मस्त झाली,’ असं नातेवाईक सांगत आणि सिस्टर तक्त्यात एक आकडा ठोकून देत. निकिताने ते बंद पाडलं. प्रत्येक खाटेखाली रेघा मारलेला कॅन ठेवला, लघवी त्यात जमवायला घरच्यांना शिकवलं. ढाणकीजवळच्या तांड्यावरून आलेली डोंगरसिंगची बायको सुखीबाई त्यात सगळ्यांत हुशार निघाली. काल तिने नवऱ्याचा कॅन वरच्या रेघेपर्यंत भरून दाखवला, म्हणून तर डॉक्टरांनी लघवीचं इंजेक्शन निम्म्यावर आणलं होतं.

“काय सिस्टर,” डोंगरसिंग उशांना टेकून धापा टाकत म्हणाला, “दोन लोट्यांत दिवस काढा म्हन्ता. तुमची विहीर आटली काय?”

“बोलू नका काका, दम लागतो.”

“गप बसलो तर हिले वाटते, सुटली एकदाची!”

सुखीबाई हसली नाही.

निकिताने वजनकाटा आणला. तो कालपर्यंत शिबिराला गेलेला होता, आणि कॅन भरत असताना तिलाही त्याची निकड वाटली नव्हती. दोघींनी धरून डोंगरसिंगला उभं केलं. वजन भरतीच्या दिवसापेक्षा तीन किलोंनी जास्त होतं.

एवढी लघवी होऊन वजन वाढेल कसं? तिने खाटेखालचा कॅन खिडकीशी नेला. आतलं पाणी नळाखालून आणावं तसं स्वच्छ होतं.

“सुखीबाई, यात पाणी टाकलं?”

सुखीबाईने पदर तोंडाशी धरला. “थोडंसंच.”

“काहून पण?” निकिताच्या तोंडून घरची बोली निघाली.

“तुम्हीच म्हनलं ना बाई, या रेघेच्या खाली राह्यलं तर मोठ्या दवाखान्यात धाडू. माह्या दिराले धाडलं होतं. मढं बांधूनच आनलं त्याचं.”

निकिता तसं म्हणाली होती. हसतहसत, पोराला बागुलबुवा दाखवावा तशी. मोजणीत हयगय होऊ नये म्हणून.

“खरी किती झाली?”

सुखीबाईने सगळ्यांत खालच्या रेघेवर बोट ठेवलं आणि मग ते आणखी खाली सरकवलं.

डॉक्टर धावत आले. “तक्त्यात तर सगळं ठीक आहे!”

“तक्ता खोटा आहे, सर. मीच भरलाय.”

ऑक्सिजन लावला, इंजेक्शन पूर्ण दिलं, रुग्णवाहिकेला फोन केला. ती दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती. डोंगरसिंगचे ओठ निळे पडत गेले, खोकल्याबरोबर गुलाबी फेस येऊ लागला. गाडी दारात लागली तेव्हा न्यायला पेशंट उरला नव्हता.

“म्या मारलं का वो त्यायले?” सुखीबाईने विचारलं.

“नाही,” निकिता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्या खाटेवर रामराव आले. तेच दुखणं, तशीच सूज. निकिताने त्यांच्या बायकोला, विमलताईंना, कॅन दाखवला.

“जेवढी होईल तेवढीच यात टाका, काकू. कमी झाली तर कमी. कोणी रागावणार नाही.” कुठे धाडणारही नाही, असं म्हणायचं तिच्या ओठांवर आलं होतं. पण ते खरं नव्हतं.

विमलताईंनी समजुतीने मान डोलावली. “तुम्ही फिकर नोका करू, बाई. चांगला भरून देतो.”

निकिताने त्यांच्या हातातून कॅन काढून घेतला.

“याले हात नका लावू. लागली की मले आवाज द्या.”