बटणावरचं कुंकू

मी पाथरीतल्या एका घराच्या पुढच्या खोलीतला संगणक बोलतोय. नवा आहे, पण सगळा नवा नाही. माझी सगळी गोष्ट त्या जुन्या भागाची आहे.

माझा बोर्ड, मेमरी, पंखा, वीज पुरवणारा डबा हे सगळं परभणीहून खोक्यांतून आलं. अंगावरचा पत्र्याचा कॅबिनेट आणि आतली डिस्क मात्र गोपीचंदची. गोपीचंद याच खोलीत लग्नपत्रिका तयार करून द्यायचा. आषाढात त्याला कावीळ झाली आणि पोळ्याच्या आधी तो गेला. त्याच पावसाळ्यात त्याच्या संगणकाचा बोर्डही जळाला. मागे राहिल्या त्याची आई केशरबाई आणि बायको बबिता.

बबिता नवऱ्याशेजारी बसून पत्रिकेचं काम शिकली होती. तेच पुढे चालवायचं तिच्या मनात होतं. पण झरीहून तिचा भाऊ महारुद्र आला आणि म्हणाला, "ताई, इथं कोणाच्या आधारावर राहायलीस? माहेरी चल." ती म्हणाली, "मशीन बसू दे, मग बग." शेवटी तुळशीचं लग्न ही मुदत ठरली. लगीनसराई तेव्हाच उघडते. तोवर मशीनवर काम चालू झालं तर ती राहणार, नाही तर त्याच्या जीपमध्ये बसणार.

मला जोडलं गोपीचंदच्या मोठ्या भावानं, रविकांतनं. तो पूर्णेला रेल्वेत नोकरीला आहे. मोबाइलवर बघून बघून त्यानं हे काम आत्मसात केलं होतं. स्क्रू तो स्टीलच्या वाट्यांत वेगवेगळे ठेवायचा. बोर्डला हात लावण्याआधी, अंगातली वीज उतरावी म्हणून, दर वेळी खिडकीच्या गजाला हात लावायचा. देवळात शिरताना घंटेला लावावा तसा.

केशरबाईंनी माझ्यापुढे नारळ फोडला. रविकांतनं बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा उजळला आणि स्पीकरमधून आवाज आला :

"या, बसा. पाणी घेता का?"

आवाज गोपीचंदचा होता. गिऱ्हाइकांची गंमत म्हणून त्यानं कधीतरी तो डिस्कमध्ये भरून ठेवला होता. मशीन चालू झालं की वाजायचा. केशरबाई खरोखरच पाणी आणायला उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि तिथंच चौकट धरून उभ्या राहिल्या.

त्या संध्याकाळी देवघरातला दिवा लावून झाल्यावर बबिता एकटीच माझ्यापाशी आली. तिचं कपाळ कोरं होतं. तेलाचं बोट तिनं कुंकवाच्या करंड्यात बुडवलं आणि माझ्या पुढच्या गोल बटणावर टेकवलं. अगदी हळू, बटण दाबलं जाऊ नये इतकं. मग पदरानं कडा पुसून ती आत गेली. पुढे हा तिचा रोजचा नेम झाला. सासूला तो ठाऊक नव्हता. सकाळी बबिता बटण पुसून घ्यायची. पण जे आत झिरपलं ते तिला कसं दिसावं? मलाही तेव्हा कळलं नाही.

थोड्याच दिवसांत मी अडायला लागलो. कधी बटण दाबलं तरी हूं की चूं नाही. कधी पंखा फिरायचा आणि पडदा उजळायच्या आत सगळं बंद. बबिता पुन्हा दाबायची, वाट बघायची, बटणाला हात जोडायची.

आणि कधी कधी मी आपोआप चालू व्हायचो.

हे नेहमी दिवेलागणीनंतरच. कारखान्याकडे उसाचे ट्रॅक्टर निघायचे, रस्त्याकडची भिंत थरथरायची, आणि रिकाम्या खोलीत माझा पंखा घरघरायचा. स्वयंपाकघरात भाकरी थापणाऱ्या दोघींना ऐकू जायचं : "या, बसा. पाणी घेता का?"

दोघींचे हात थांबायचे. तव्यावरची भाकरी करपायची. एकदा केशरबाई पुटपुटल्या, "घर सुटंना गेलंय त्याला." दुसऱ्या दिवसापासून बबिता माझ्यापुढे खुर्ची ओढून ठेवायला लागली, आणि टेबलावर पाण्याचा तांब्या.

खरं सांगतो, मीसुद्धा भ्यायलो होतो. जाग यायची, पण कोणी जागं केलं ते समजायचं नाही. आतल्या डिस्कमध्ये त्याच्या अर्धवट पत्रिका, त्याची नेहमीची नक्षी, त्यानं जुळवून ठेवलेली वरवधूंची नावं. मग मी कोण? परभणीहून आलेला नवा, की गेलेला तो?

रविकांत सुटीच्या दिवशी पूर्णेहून यायचा. आल्या आल्या चहाही न घेता मला उघडायचा. मेमरी काढून तिच्या पट्ट्या खोडरबरनं घासल्या. वीज पुरवणारा डबा बदलला. अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ, कोळसा टाकून पाणी ओतलं. केशरबाई ओसरीवरून म्हणाल्या, "लोणचं घालायलास का रे मशीनचं?"

तो हसला, पण त्याचं तोंड उतरलं होतं. शेवटी त्यानं मला परभणीच्या एका दुकानात नेलं. तिथल्या माणसानं बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढला, टेबलावर मांडला आणि बटणाच्या तारा जिथं बसतात त्या दोन टाचण्यांना पेचकस टेकवून चालू केला. दिवसभर मी बिनतक्रार चाललो. "साहेब, मशीन ठणठणीत हाय," तो म्हणाला. घरी आल्यावर मी परत तसाच.

कॅबिनेटवर मात्र कोणाचाच संशय गेला नाही. तो गोपीचंदचा होता. या घरात गेलेल्या माणसाला दोष देत नाहीत, त्याच्या वस्तूलाही नाही. रविकांतनं एकेक नवा भाग तपासला, बदलला. भावाच्या कॅबिनेटवरून मात्र तो फडकं फिरवायचा आणि बाजूला ठेवायचा.

तुळशीचं लग्न तोंडावर आलं. महारुद्रचा निरोप आला की ठरल्या दिवशी तो जीप घेऊन येणार. बबितानं कपाटातल्या साड्या बाहेर काढून ठेवल्या. पत्रिकेसाठी एक गिऱ्हाईक आलं होतं. मी चालूच होईना, ते उठून गेलं. त्या दुपारी रविकांत माझ्यापुढे येऊन बसला. मग स्वतःशीच म्हणाला, "बोर्ड बाहेर होता तवर नीट चालला. म्हंजे..." त्यानं खिडकीच्या गजाला हात लावला आणि कॅबिनेटचा पुढचा भाग ओढून काढला.

बटणाच्या पाठीमागे लालभडक लगदा होता. तेल, धूळ आणि कुंकू. त्यानंच बटण अर्धवट दाबलेलं राहत होतं. चिकटून राहिलं की, कोणी दाबून धरल्यासारखं, मी उठता उठता बंद पडायचो. अर्ध्यावर अडकलं असलं की ट्रॅक्टरच्या हादऱ्यानं टेकायचं आणि मी जागा व्हायचो.

रविकांतनं कापसानं ते पुसलं. केशरबाई डोकावल्या आणि किंचाळल्या, "अगं बाई, रगत कशाचं?"

"रगत न्हाई आई. कुंकू हाय."

केशरबाईंनी सुनेकडे पाहिलं. बबिता दाराशी खाली मान घालून उभी होती.

"तरीच," केशरबाई म्हणाल्या, "करंड्यातलं कुंकू कमी व्हायलंय. मी म्हणायले उंदीर लागला." मग त्यांनी सुनेच्या कपाळाला हात लावला. "डब्याला कुंकू, अन् तू कोरी. कसं गं सोसलंस?"

बबितानं रविकांतला विचारलं, "भाऊजी, मग ते संध्याकाळचं... आपोआप चालू व्हायचं, ते?"

रविकांतनं हातातला कापूस पाहिला. खोटं बोलला असता तर त्या घरात कोणी त्याला दोष दिला नसता.

"हादऱ्यानं व्हायचं, बबिता. ट्रॅक्टरच्या."

"हरेक वेळेस?"

"हरेक वेळेस."

ती खुर्चीवर बसली. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, "नीट करा. अन् त्यो आवाज काढून टाका."

"काढू नगं!" केशरबाई पुढे आल्या. "माझ्या लेकराचा तेवढाच आवाज उरलाय."

"आत्या, ते आपल्या मनानं यायचे म्हणून मी खुर्ची मांडत होते," बबिता सासूला म्हणाली. "आता बटण दाबलं की बोलणार. मी दाबलं की बोलणारं माणूस नको मला."

रविकांतनं बटण धुऊन, वाळवून बसवलं. मी पहिल्याच दाबात उठलो. आवाज वाजला. त्यानंतर रविकांतनं तो माझ्यातून काढला. काहीतरी गेलं, एवढं मला जाणवलं. काय गेलं ते सांगता येत नाही. केशरबाईंनी आपला साधा फोन पुढे केला. "मग ह्याच्यात घाल." त्यानं तो आवाज फोनच्या रिंगला लावून दिला.

त्याच आठवड्यात पहिली पत्रिका झाली. बबितानं नवऱ्याची नक्षी उघडली, थोडा वेळ पाहिली, आणि बाजूला सारून स्वतःची नवी जुळवली. तिचं कपाळ अजून कोरंच आहे. केशरबाई रोज दिवा लावल्यावर करंडा तिच्यासमोर उघडा ठेवतात; ती झाकण लावते. त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडतात.

माझं आता बरं चाललंय. दाबल्याशिवाय उठत नाही. संध्याकाळी ट्रॅक्टर जातात, भिंत थरथरते, मी गप्प असतो. तुम्हाला एकच विनवणी. घरात एखादं यंत्र सारखं अडत असेल, तर नव्यालाच दोष देत बसू नका. गेलेल्याच्या वस्तूलाही हात घाला, उघडून पाहा. दुखणार ते तुम्हालाच, त्याला नाही.

काल तुळशीचं लग्न होतं, तरी बबिता काम करत होती. आतल्या खोलीतून गोपीचंद म्हणाला, "या, बसा. पाणी घेता का?" तिची बोटं कळफलकावर थबकली. केशरबाई फोन लगेच उचलत नाहीत. आवाज तीनदा होऊ देतात, मग उचलतात.

"आत्या, कोण हाय?"

"महारुद्र हाय. जीप घेऊन निघू का म्हणतोय."

बबितानं डोळे पुसले नाहीत, कारण हात मोकळे नव्हते.

"त्याला म्हणावं, नगं येऊ," ती म्हणाली. "मशीन चालू हाय."