माशाशेजारचा माणूस

“जनावर शेवटी बघायचं. आधी त्याच्या शेजारी कोण उभं आहे ते बघ. खोटं करणारा सगळी कारागिरी जनावरावर ओततो, आणि माणूस कुठून तरी उचलून आणून उभा करतो.”

तिला हे काम शिकवणाऱ्या मास्तरांना जाऊन चार वर्षं झाली होती. पण असं एखादं चित्र समोर आलं की त्यांचा खोकल्याने अडखळणारा आवाज अजून तिच्या कानाशी यायचा. तिने टेबलावरचा कोरा कागद उचलला आणि संगणकाच्या पडद्यावरच्या माशावर धरला.

मासा झाकल्यावर उरला तो नदीकाठचा चिखल आणि एक तरुण. पंचविशीचा. पांढरा शर्ट, बाह्या दुमडलेल्या, डावा हात छातीच्या उंचीवर बाजूला लांब केलेला. कागद नसता तर तो हात माशाच्या पाठीवर विसावलेला दिसला असता. होडीएवढा मासा. चार दिवसांत लाखो लोकांनी तो एकमेकांना पाठवला होता. उद्याच्या पेपरात ‘खरं की खोटं’च्या चौकटीत त्याचा निकाल लागायचा होता, आणि तो लावणं हे तिचं काम.

“काय भिंगबाई, झाली का चिरफाड?” पलीकडच्या टेबलावरून पेपरचं पान लावणाऱ्याने विचारलं. “खरा निघाला तर शेपटीकडचा तुकडा माझा. आधीच सांगून ठेवतो.”

“तुला काटे मिळतील.”

“काटे तर काटे. घरी रोज तेच गिळतो.”

ती हसली, पण नजर त्या तरुणाच्या बुटांवरून हलली नाही. काळे, कोरे करकरीत बूट. चिखल त्यांच्या कडेपर्यंत येऊन थबकला होता, जणू त्याला कुणी हटकलं होतं. माशाची सावली उजवीकडे पसरलेली, या माणसाची पडलेलीच नाही. तिने वहीत लिहिलं, माणूस चिकटवलेला. मग चित्र मोठं करत ती बोटांपर्यंत आली. बोटांच्या खाली एक निळी, केसाळ कड होती, नखाएवढी. मासा करडा, चिखल तपकिरी. निळं कुठून आलं? तिने वहीत निळ्याखाली रेघ मारली.

तेवढ्यात फाटकावरून फोन आला. पहारेकरी म्हणाला, “एक मावशी आल्यात. त्या माशाच्या फोटोचं काहीतरी बोलायचंय म्हणतात. सकाळपासून या चौथ्या. कटवू का?”

“नको. वर पाठवा.”

बाई साठीच्या पुढच्या होत्या. तीन जिने चढून आल्या होत्या, तरी समोर ठेवलेल्या पाण्याला त्यांनी हात लावला नाही. खुर्चीच्या कडेवर टेकल्या आणि पडद्याकडे बघितलं. कागद आता बाजूला झाला होता, मासा अख्खा दिसत होता. त्यांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

“हा माझा मुलगा,” त्या म्हणाल्या.

पान लावणाऱ्याचे बटणांवर चाललेले हात थांबले.

बाई सांगत गेल्या तेही मोजकंच, पुष्कळदा सांगून गुळगुळीत झालेल्या शब्दांत. दीड वर्षापूर्वी मुलाला दूरच्या बंदरावर काम लागलं. दोन महिने फोन आले, मग बंद झाले. पोलीस चौकीत नाव नोंदवलेलं आहे, नोंदवलेलं आहे एवढंच.

“आमच्या ह्यांनी या शहरातला एक बसथांबा सोडला नाही. सगळीकडे पत्रकं चिकटवली. भिजलं, फाटलं, की लगेच नवं. खळीने बोटांची सालं गेली. मग एक दिवस उठलेच नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडले ते पडले. दोन घोट दूध जायचं, तेही मी मागे लागले तर.” त्यांनी मांडीवरच्या पर्सची कडी उगाच उघडली आणि मिटली. “गुरुवारी शेजारणीने फोनवर हा मासा दाखवला. तशी उठून बसले. दाढी करून घेतली. आता दोन्ही वेळ पोटभर जेवतात. पोरगा नदीवर कामाला आहे, म्हणतात. पिशवी भरून ठेवायला लावलीय, रविवारी निघायचंय. कुठल्या नदीवर जायचं, ते देवाला ठाऊक.”

वहीतली ती एक ओळ तिने हाताने झाकली.

“मावशी, त्याचा एखादा जुना फोटो आहे का? उभा, पूर्ण?”

बाईंनी कडी पुन्हा उघडली. मग त्यांनी पर्समधून चार घड्यांचा कागद काढला आणि टेबलावर उलगडला.

वर ठळक अक्षरांत ‘हरवला आहे’. खाली तोच तरुण. तोच पांढरा शर्ट, त्याच दुमडलेल्या बाह्या, तेच कोरे बूट, मागे नुसती भिंत. डावा हात बाजूला लांब केलेला, कशावरच न टेकलेला. तिथे कुणीतरी होतं, ते कापून टाकलेलं दिसत होतं. आणि बोटांच्या खाली निळी, केसाळ कड.

कुणा भल्या माणसाने हे पत्रक इंटरनेटवरही टाकलं असणार. मासा करणाऱ्याला हात लांब करून उभा असलेला एक माणूस हवा होता, त्याला तो आयता मिळाला. वरची अक्षरं त्याने वाचलीही नसतील.

तिने कागदाच्या घड्या तळहाताने सपाट केल्या, एकदा, पुन्हा एकदा.

“मावशी, जरा धीराने ऐका. हा फोटो आणि तो...”

“तो माझा स्वेटर आहे,” बाई म्हणाल्या.

त्यांनी निळ्यावर बोट ठेवलं. “कामावर निघाला त्या दिवशीचा फोटो. माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. पत्रक छापणारा म्हणाला, हरवलेलाच तेवढा ठेवू, नाहीतर लोकांचा घोटाळा होतो. मला कापलं. खांद्याचं एवढंसं राहिलं.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“बघता क्षणी. आणि ते बूट बघा ना. दोन महिन्यांत टाचा खाणारा पोरगा तो. दीड वर्ष बूट असे राहतील?”

“मग माझ्याकडे कशाला आलात?” हे विचारताना तिचा आवाज इतका खाली गेला की बाईंना पुढे वाकावं लागलं.

“ह्यांना मी सांगून बघितलं. म्हणाले, तू आई आहेस की कोण आहेस? तेव्हापासून बोलत नाहीत. माझ्या हातचं खातात, पण माझ्याशी बोलत नाहीत.” बाईंनी पदराने टेबलावरचा नसलेला डाग पुसला. “तुमची चौकट मात्र रोज वाचतात. तुम्ही लिहिलंत की मानतील. मी काही छापू नका म्हणायला आले नाही. खोटं आहे त्याला खोटंच म्हणा. पण उद्या सकाळी एकटे पेपर उघडून बसतील आणि तिथे ‘खोटं’चा शिक्का दिसेल. त्याआधी कुणीतरी समोर बसून सांगावं. ज्याचं ऐकतील असं कुणीतरी.”

चार वर्षांत तिने पाच-सहाशे शिक्के मारले असतील. दोन डोक्यांचे साप, घराएवढी कासवं, झाडावर अडकलेला देवमासा. शिक्का उमटल्यावर वाचणाऱ्याचा चेहरा कसा होतो, ते तिने एकदाही पाहिलं नव्हतं.

“मी येते,” ती म्हणाली. “आजच. पान छपाईला जायच्या आधी.”

“नक्की?”

“शब्द देते.”

बाईंनी पत्रकाच्या पाठीवर पत्ता लिहून दिला. आता कुठे पाण्याचा पेला उचलून एका दमात रिकामा केला. दारापर्यंत जाऊन त्या वळल्या.

“सातला जेवतात ते. जेवण झाल्यावर सांगाल? एवढं एक पोटात जाऊ दे.”

तिने मान हलवली.

साडेपाचला संपादकसाहेब आले. “मासा झाला?”

“झाला. मासा खरा आहे, साहेब. पण असेल दोन हात लांब. माणूस लहान करून शेजारी चिकटवलाय, म्हणून होडीएवढा दिसतो.”

“म्हणजे खोटा. मार शिक्का.”

“माणूस बेपत्ता आहे. त्याचं पत्रक चौकटीत खाली देऊ या.”

“चौकट माशाची आहे,” साहेब म्हणाले. “आज एकाचं दिलं तर उद्या फाटकापाशी रांग लागेल. आपण कुणाकुणाला शोधणार?” मग त्यांनी पडद्यावरचा तो हात पाहिला, टेबलावरचं पत्रक पाहिलं, आणि चष्मा काढून कपाळ चोळलं. “दोन ओळी दे. फोटो नको.”

दोन ओळींत नाव, वय आणि चौकीचा फोन बसला. उंची बसेना. तिने ‘कृपया’ खोडलं, तेव्हा उंचीही बसली.

“आठपर्यंत पान धरशील?” तिने पान लावणाऱ्याला विचारलं.

“साडेसातला खाली छापखान्यात गेलं नाही तर माझी मान...” त्याने वर पाहिलं आणि पुढचं गिळलं. “आठ. पण फोन कर.”

“आणि फोन नाही आला तर?” तिने विचारलं.

“तर काय समजू?”

“अजून सांगत बसलेय, असं समज.”

तिने पत्रकाची घडी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि जिना उतरली. सहा वाजत आले होते, सातच्या जेवणाला अजून तासभर होता. फाटकासमोरच्या थांब्यावर बस येऊन उभी राहिली, जवळपास रिकामीच. हीच बस पंधरा मिनिटांत तिला त्या पत्त्यावर सोडणार होती. दार उघडलं. चालकाने तिच्याकडे पाहिलं.

“येताय ना?”

“नाही, तुम्ही चला,” ती म्हणाली. “मला थोडं उशिरा पोचायचंय.”

बस निघून गेली. तिने पर्स खांद्यावर नीट घेतली आणि रस्त्याच्या कडेने हळूहळू चालू लागली.