सारजाच्या ओंजळीतलं पिल्लू

सणसरच्या सावळारामाच्या पोल्ट्रीपुढं सकाळी सकाळी जत्रा भरली होती. उसाला पाणी धरायचं सोडून लोक आले होते. गावात आलेला एक बाबा मेलेलं पिल्लू उठवतो म्हणे! कपाळभर शेंदूर फासलेला हा बाबा शेडमध्ये शिरला, मान टाकलेलं एक पिल्लू घेऊन बाहेर आला आणि उन्हात उभा राहून त्याच्यावर फुंकर घालू लागला. थोड्या वेळानं पिल्लानं डोळे उघडले. बायाबापड्यांनी हात जोडले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

थंडी वाढल्यापासून सावळारामाची पिल्लं रोज मरत होती. त्यावर बाबाचं निदान काय, तर घरातल्या विधवेची नजर. म्हणजे सावळारामाची वहिनी सारजा, रोज पहाटे उठून पिल्लांचं दाणापाणी करणारी. दिवस मावळायच्या आत तिनं घर सोडायचं, नाहीतर एकही पिल्लू वाचणार नाही, असं बाबानं ठणकावलं. सावळारामानं खाली बघत मान डोलावली. जिनं त्याची पोरं वाढवली, तिलाच घराबाहेर काढायला हा गडी तयार झाला. अशा माणसांची मला किळस येते.

मी फोन करून जनावरांच्या डॉक्टर राजलक्ष्मीताईंना बोलावलं. त्या आल्या त्या थेट शेडमध्ये गेल्या. गार वारा लागू नये म्हणून सावळारामानं पडदे पार छपराला शिवले होते, फटींत खताच्या गोण्या कोंबल्या होत्या आणि आत कोळशाच्या शेगड्या धगधगत होत्या. ताईंनी बाबाला आत बोलावून पिल्लांजवळ उकिडवं बसून मंत्र म्हणायला सांगितलं. महाराज बसले खरे, पण लगेच खोकत, डोळे चोळत बाहेर पळाले.

मग ताईंनी मान टाकलेलं दुसरं पिल्लू आणून अंगणात उभ्या सारजाच्या ओंजळीत ठेवलं. तिच्या हाती देऊ नका, मरंल, असं बाबा बडबडत राहिला. सारजानं ओंजळ उघडीच धरली. कुणी मंत्र म्हटला नाही, कुणी फुंकर घातली नाही. हळूहळू पिल्लाची मान वर आली आणि ते चिवचिवू लागलं.

"याला मोकळी हवा मिळाली, एवढंच," ताई म्हणाल्या. "कोंडलेल्या शेडमध्ये कोळशाचा विषारी वायू साठतो, त्याला वाससुद्धा नसतो. खाली अंथरलेल्या ओल्या तुसाचा उग्र वायू वेगळाच. त्यानं पिल्लं गुदमरतात. बाबा अर्धमेलंच पिल्लू बाहेर आणतो. पुरतं मेलेलं का उठवत नाही?"

बाबानं झोळी उचलून काढता पाय घेतला.

"वैनी, चुकलं माझं," सावळाराम पुटपुटला.

"पिल्लं हवेवाचून मरत व्हती, भावजी," सारजा म्हणाली. "तुमी माझ्याकडं बघितलं, छपराकडं न्हाय."

गावकऱ्यांनो, थंडीत पिल्लांना ऊब द्या, पण शेगडीचा धूर नळीनं बाहेर काढा, तूस कोरडं ठेवा आणि पडद्याच्या वर वीतभर फट राहू द्या. तरीही पिल्लं मेलीच, तर आधी शेड तपासा. घरातली बाई नव्हे.