सातव्या कागदाखाली

मी एक जुना सूचनाफलक आहे. नगर कार्यालयाच्या जिन्याखाली, पिण्याच्या पाण्याच्या नळाशेजारी माझा मुक्काम. सुताराने मला सागाची चौकट दिली, वर हिरवे कापड ताणले, तेव्हा साहेब म्हणाले होते, "आता लोकांना सगळं कळेल." मी किती हुरळून गेलो होतो, मित्रांनो!

पण इथली एक रीत आहे. कागद लावायला कुणाची सही लागत नाही, काढायला मात्र तीन लागतात. म्हणून शिपाईकाका नवा कागद जुन्यावरच टोचतात. वर पाटीही आहे, 'कागदांना हात लावू नये'.

एकदा रस्ता रुंद करण्याचा आराखडा लागला. कोपऱ्यावरचे शिवणकामाचे दुकान त्यात जाणार होते. हरकत घ्यायला तीस दिवसांची मुदत होती. तासाभरातच त्यावर उंदरांच्या औषधाची निविदा चढली. दुकानाच्या ताई रोज नळावर येत, आधी उंदरांचे, मग त्यावर चढलेले वाचत आणि जात. मी तर जन्माचाच टांगलेला, पण जीव टांगणीला लागणे म्हणजे काय, ते तेव्हा कळले.

तिसाव्या दिवशी मोजणीवाल्यांनी दुकानाच्या भिंतीवर लाल खूण केली. ताई तरातरा आल्या.

"आम्हाला कुणी सांगितलं का नाही?"

"महिनाभर फलकावर आहे की!" शिपाईकाका म्हणाले.

"कुठाय? दाखवा!"

काका डोके खाजवू लागले. ताईंनी पाटी वाचली आणि कोटाचे अस्तर उलटावे तसे एकेक कागद उचलत गेल्या. सातव्याखाली आराखडा सापडला.

"अगं बाई, आज शेवटचा दिवस!"

माझ्याच चौकटीवर कागद टेकवून त्यांनी हरकत लिहिली. कार्यालय बंद होता होता शिक्का पडला. मला रडूच आले असते.

"उत्तर कुठे मिळेल?"

"फलकावर लागेल."

पुढच्याच आठवड्यात मला काच आणि कुलूप बसले. लोक हात लावतात, असे कारण दिले गेले. काल सकाळी उत्तर लागले, 'शुक्रवारी सुनावणी. गैरहजर राहिल्यास हरकत रद्द'. तासाभरात त्यावर पाणीकपातीचे पत्रक आले.

आज गुरुवार. ताई काचेला नाक लावून उभ्या आहेत. चावी कार्यालयाच्या खिडकीमागच्या खुंटीवर आहे, मला इथून दिसते. मागितली तर नियमाने नाही म्हणता येत नाही, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही. मित्रांनो, मला हाक मारता येत नाही. तुम्ही तरी सांगा ना त्यांना, चावी मागा म्हणून!